भरलेला ट्रक, उतरता घाट आणि उचललेला लिफ्ट एक्सल : एका संदेशाला उत्तर

गेल्या पंधरवड्यात एकच संदेश माझ्याकडे चार वेळा आला. पहिल्या तीन वेळा मी तो शीर्षक वाचून खोडून टाकला, कारण ‘जीव वाचवणारी माहिती’ अशा नावाचे संदेश वाचत बसले की आपलाच जीव मेटाकुटीला येतो, असा माझा अनुभव आहे. चौथ्या वेळी तो माझ्या भाच्याने पाठवला आणि खाली विचारले, “मामा, परवा कोल्हापूरहून साखर भरून घाट उतरायचा आहे. यात लिहिलंय तशी लिफ्ट वरच ठेवू ना?” तेव्हा मात्र चष्मा लावून तो संदेश पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचणे भाग पडले.

भाचा चौदा चाकी ट्रक चालवतो. पावसाने चिरेखाणी बंद होण्याआधीच्या शेवटच्या खेपा चालू आहेत. जाताना रत्नागिरी तालुक्यातला जांभा चिरा आणि येताना साखर किंवा पशुखाद्य असा त्याचा फेरा असतो, आणि दोन्ही वेळा मध्ये आंबा घाट आहे. मी हातखंब्याच्या तिठ्याजवळ सत्तावीस वर्षे अवजड गाड्यांच्या ब्रेकची कामे केली. आता गॅरेज धाकट्या भावाकडे आहे. मी खुर्ची टाकून बसतो आणि न विचारलेले सल्ले देतो. यावेळी कुणीतरी विचारले आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

संदेश लांबलचक आहे. हात जोडलेली चित्रे आणि झेंडे वगळले तर त्यात सहा दावे उरतात. ओल्या चढावर गाडी घसरू लागली तर लिफ्ट एक्सल, म्हणजे बटणाने वर-खाली करता येणारा चाकांचा आस, उचलावा, म्हणजे इंजिनाच्या चाकांना पकड मिळते, हा पहिला. तेच तत्त्व उतारालाही लागू असल्यामुळे भरलेल्या ट्रकनेही पावसाळ्यात सबंध घाट लिफ्ट वर ठेवूनच उतरावा, कारण ‘वजन मोजक्या चाकांवर आले की ब्रेक दुप्पट लागतो’, हा दुसरा. युरोपात तसा कायदाच आहे, हा तिसरा. कमी चाके टेकली की गाडी पाण्यावर तरंगत नाही, हा चौथा. वळणावर उलटत नाही, हा पाचवा. आणि टायर, डिझेल व टोल असे तिन्ही वाचतात, हा सहावा. शेवटी ‘गाड्या बनवणारे ही माहिती मुद्दाम लपवतात’ असेही एक वाक्य आहे. लिफ्टचे बटण ज्यांनी स्वतःच केबिनमध्ये, चालकाच्या हाताशी बसवले, ते नेमके काय लपवत आहेत, हे मात्र लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही.

ज्यांना अशा गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. भाच्याच्या ट्रकला पाच एक्सल आहेत. पुढचे दोन स्टिअरिंगचे, प्रत्येकी दोन चाकांचे. त्यांच्या मागे, शेवटच्या जोडीच्या जरा पुढे, दोन चाकांचा लिफ्ट एक्सल आहे, जो हवेच्या फुग्यांच्या जोरावर खाली दाबता येतो किंवा जमिनीपासून वर उचलून घेता येतो. सर्वांत मागे चार-चार चाकांच्या दोन एक्सलची जोडी. चार, दोन आणि आठ मिळून चौदा चाके झाली. या पाचांपैकी एकाच एक्सलला, मागच्या जोडीतल्या एकाला, इंजिनाचा जोर पोहोचतो. बाकीचे चार वजन वाहतात आणि ब्रेक लावतात, त्यापलीकडे काही करत नाहीत. जुलै २०१८ मध्ये केंद्र सरकारने एक्सलवरच्या भाराच्या मर्यादा वाढवल्या, तेव्हापासून दोन चाकांच्या एक्सलला ७.५ टन आणि आठ चाकांच्या जोडीला २१ टन अशी मर्यादा आहे. तीन वेळा ७.५ आणि एकदा २१ अशी बेरीज केली की ४३.५ टन होतात, आणि अशा चौदा चाकीचे मालासकट कमाल वजन तेवढेच धरलेले आहे. म्हणजे लिफ्ट एक्सलचे ७.५ टन त्या ४३.५ टनांच्या परवानगीतच मोजलेले आहेत. लिफ्ट उचलली की मालाचे वजन कमी होत नाही; ते उरलेल्या चाकांच्या मानगुटीवर बसते.

आता दुसऱ्या दाव्याकडे आधी वळतो, कारण बाकीचे पाच दावे चुकीचे असले तरी फार तर टायर खातील. हा माणूस खाईल.

‘ब्रेक दुप्पट लागतो’ हे वाक्य लिहिणाऱ्याने ब्रेक आणि पकड या दोन वेगळ्या गोष्टींची खिचडी केली आहे. रस्ता चाकाला किती घट्ट धरून ठेवू शकतो, ती पकड. ती ढोबळमानाने चाकावरच्या वजनाला घर्षणांकाने गुणल्यावर मिळते. लिफ्ट खाली असताना ट्रकचे वजन ४३.५ टन आहे आणि लिफ्ट उचलल्यावरही ४३.५ टनच आहे. दहा ठिकाणी वाटलेले वजन आठ ठिकाणी वाटले, तर प्रत्येक ठिकाणची पकड वाढते हे खरे. पण ठिकाणेच कमी झाल्यामुळे एकूण बेरीज जिथल्या तिथे राहते. खरे तर ती किंचित खालीच येते, कारण रबरी टायरवरचा भार ज्या प्रमाणात वाढवावा त्या प्रमाणात त्याची पकड वाढत नाही, थोडी मागेच राहते. तेव्हा ‘दुप्पट’ हा आकडा कुठून आला, ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक.

दुसरी गोष्ट ब्रेक, म्हणजे ड्रमच्या आतले लायनर ड्रमवर दाबून चाक थांबवण्याची ताकद. भरलेला ट्रक घाट उतरताना बहुतेक वेळा पकड आधी संपत नाही, ब्रेक आधी संपतो. लिफ्ट एक्सलला स्वतःचे दोन ड्रम आणि दोन बूस्टर, म्हणजे हवेच्या दाबाने दांडी ढकलून ब्रेक लावणारे डबे, असतात. एक्सल हवेत असताना पेडल दाबले तरी ते ड्रम फिरत नसलेल्या चाकाला धरून बसतात, आणि रस्त्यावर त्याचा परिणाम शून्य होतो. वजनाच्या हिशोबाने पाहिले तर ४३.५ पैकी ७.५ टन, म्हणजे सुमारे सहावा भाग थांबवण्याचे काम ज्या ब्रेककडे सोपवले होते, तो तुम्ही स्वतःच्या हाताने रजेवर पाठवलात.

उष्णतेचा हिशोब तर याहून वाईट आहे. ४३.५ टनांची गाडी १०० मीटर उंची उतरते तेव्हा सुमारे ४ कोटी २७ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते. आकडा डोळ्यांसमोर येत नसेल तर असे समजा की विहिरीचे ३० अंशांचे सुमारे १४५ लिटर पाणी, म्हणजे मोठ्या बारा घागरी, उकळीला आणण्याइतकी ही उष्णता आहे, आणि हे फक्त १०० मीटरचे झाले. घाट त्याच्या कितीतरी पट उतरतो. या उष्णतेतला बराच भाग इंजिन ब्रेक आणि धुराची वाट अडवून इंजिनाला रोखणारा एक्झॉस्ट ब्रेक स्वतःवर घेतात, म्हणून तर खालच्या गिअरमध्ये उतरा असे आपण घसा कोरडा होईपर्यंत सांगतो. उरलेली उष्णता मात्र ड्रमांतच जाते. ती दहा ड्रमांत वाटायची ऐवजी आठांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वापट येते. ड्रम तापला की फुगतो आणि लायनरपासून दूर जातो. लायनर तापला की त्याचे घर्षण घटते. मग बूस्टरची दांडी पूर्ण बाहेर येऊनही ब्रेक लागत नाही. पेडल दाबले आहे, हवा आहे, पण गाडी ऐकत नाही, अशी ती अवस्था असते, आणि ती येते तेव्हा पुढे वळण असतेच, कारण घाट आहे.

दोन पावसाळ्यांपूर्वी आमच्याकडे अशीच एक पाच एक्सलची गाडी ओढून आणली होती. शेवटच्या वळणांमध्ये ब्रेक सुटल्यावर चालकाने ती डोंगराच्या बाजूच्या गटारात घालून, दरडीला घासत थांबवली, आणि त्याच्या त्या शहाणपणामुळे तो आणि क्लीनर वाचले. आम्ही ड्रम उघडले. स्टिअरिंगच्या आणि मागच्या एक्सलचे ड्रम आतून मोरपिसासारखे निळे-जांभळे झाले होते, त्यांवर केसाएवढ्या भेगांचे जाळे पडले होते आणि लायनर काचेसारखे गुळगुळीत होऊन त्यांना जळकट वास येत होता. मग लिफ्टचे ड्रम उघडले. आत लालसर गंजाचा पातळ थर जसाच्या तसा होता, बोट फिरवले की पूड निघत होती, आणि एका कोपऱ्यात कोळ्याने जाळे केले होते. आठ ड्रम जळून मेले आणि शेजारचे दोन ड्रम तमाशा बघत बसले, याचा याहून ठळक पुरावा मला तरी माहीत नाही. चालकाने पुढे कबूल केले की लिफ्ट वरच होती. ती आपोआप खाली येऊ नये म्हणून हवेच्या नळीत कुणीतरी एक कॉक, म्हणजे हवा अडवणारी तोटी, बसवून दिला होता.

वजन मागच्या जोडीवर गेल्याने टायरांचे काय होते, तेही सांगतो. लिफ्ट मागच्या जोडीच्या मध्यापासून २ मीटर पुढे आणि स्टिअरिंगच्या जोडीचा मध्य ५.५ मीटर पुढे आहे असे धरले, तर लिफ्टच्या ७.५ टनांपैकी सुमारे २.७ टन पुढे आणि ४.८ टन मागे जातात. म्हणजे २१ टनांच्या जोडीवर जवळजवळ २६ टन येतात. अशा गाड्यांना सर्रास असणाऱ्या १०.००–२० मापाच्या रेडियल टायरवर १४६/१४३ असा आकडा छापलेला असतो, त्याचा अर्थ जोडीत लावलेल्या टायरला २७२५ किलो. आठ टायरांचे २१.८ टन झाले. त्यावर २६ टन ठेवून, उतारावर, तापलेल्या ड्रमला लागून असलेल्या रिमवर तो टायर फिरवायचा आणि वर ‘जीव वाचवणारी माहिती’ म्हणायचे, याला काय म्हणावे ते वाचकांनीच ठरवावे.

रिकाम्या ट्रकची गोष्ट वेगळी आहे आणि ती मला मान्य करावी लागेल. माल उतरवलेला ट्रक परत निघतो तेव्हा मागच्या चाकांवर इतके थोडे वजन असते की खड्ड्यांवरून ती नुसती थुईथुई नाचतात. तेव्हा ब्रेकची ताकद भरपूर असते आणि कमी पडते ती पकड. शिवाय इंजिन ब्रेकचा रोध फक्त इंजिनाच्या चाकांमधूनच रस्त्याला लागतो. ती चाके हलकी असतील तर ओल्या उतारावर खालचा गिअर टाकताच ती लॉक झाल्यासारखी घसरतात आणि मागचा भाग आडवा येऊ बघतो. अशा वेळी लिफ्ट वर असली तर ते थोडेसे वजन इंजिनाच्या एक्सलकडे सरकते आणि गाडी शहाण्यासारखी वागते. रिकाम्या गाडीला लिफ्ट उचलायची सोय दिली आहे ती याच आणि टायर वाचवण्याच्या कारणांसाठी. संदेश लिहिणाऱ्याने ‘भरलेल्या ट्रकनेही’ हे दोन शब्द घातले नसते, तर मी आज हे लिहायला बसलोच नसतो.

आता युरोपच्या कायद्याकडे येतो. संदेशात कायद्याचे नाव नाही, वर्ष नाही, कलम नाही. नुसते ‘युरोप’ म्हटले की कोकणातल्या माणसाने मान डोलवावी अशी अपेक्षा दिसते. लिफ्ट एक्सलबद्दलचा नियम तिथे खरोखर आहे आणि तो वाचण्यासारखा आहे. वाहनांची वजने आणि मापे यांसाठी युरोपीय समुदायाने १९९७ साली ९७/२७ क्रमांकाचा निर्देश काढला, आणि त्याच्या एका परिशिष्टात उचलता येणाऱ्या एक्सलसाठी अटी घातल्या. पुढे २०१२ मध्ये १२३० क्रमांकाचे नवे नियम आले, त्यांतही ही चौकट कायम राहिली. तिचा आशय असा आहे. उरलेल्या एक्सलवर मर्यादेपेक्षा जास्त भार येत असेल, तर उचललेला एक्सल आपोआप खाली आला पाहिजे. चालकाच्या मर्जीचा तिथे प्रश्न नाही. याला एक अपवाद ठेवला आहे, तो निसरड्या जमिनीवर गाडी जागची हलवण्यापुरता. तेवढ्यासाठी एक्सल उचलून किंवा त्याच्यावरचा भार काढून इंजिनाच्या एक्सलवर मर्यादेपेक्षा ३० टक्क्यांपर्यंत जादा भार घेता येतो, पण तोही गाडी बनवणाऱ्याने यासाठी जेवढा ठरवून दिला असेल त्याच्या आत. आणि गाडी हलल्यावर, तिचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या वर जाण्याआधी, तो एक्सल आपोआप परत खाली आला पाहिजे.

या नियमाला भरलेल्या गाडीने सबंध घाट लिफ्ट वर ठेवून उतरावे असे म्हणायचे आहे, हे वाचणाऱ्याला कुठे दिसले, देव जाणे. नियम घाबरून लिहिलेला आहे हे त्याच्या प्रत्येक अटीत दिसते. जादा भाराला टक्क्यांचे कुंपण आहे, वेगाला ३० चे कुंपण आहे, आणि एक्सल खाली आणण्याचे काम माणसाच्या आठवणीवर सोडलेले नाही. आमच्याकडे आलेल्या त्या गाडीत नळीला कॉक बसवून जे केले होते, नेमके तेच होऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप आहे. संदेश लिहिणाऱ्याने युरोपला साक्षीला बोलावले आणि साक्षीदार उलटला, इतकेच म्हणतो.

याच नियमात पहिल्या दाव्यातले अर्धे खरे दडलेले आहे, आणि ते नाइलाजाने का होईना, कबूल करायला हवे. चढावर थांबलेली भरलेली गाडी घसरत असेल तर लिफ्ट उचलून ती हलते, हे मी स्वतः अनेकदा पाहिले आहे. त्याचे गणितही सरळ आहे. बाराला एक अशा चढावर ४३.५ टनांच्या गाडीला नुसता चढ तोडायला सुमारे ३.६ टनांचा जोर लागतो. चाके फिरण्याचा रोध धरला तर ४ टन. लिफ्ट खाली असताना इंजिनाच्या एक्सलवर जोडीतला अर्धा भार, म्हणजे १०.५ टन असतो. त्यातून ४ टनांचा जोर काढायला घर्षणांक किमान ०.३८ हवा. लिफ्ट उचलली की त्या एक्सलवर सुमारे १२.९ टन येतात आणि ०.३१ घर्षणांकावर काम भागते. स्वच्छ ओल्या डांबरावर या दोन्हींहून जास्त घर्षण मिळते, म्हणून तिथे लिफ्टची गरज पडत नाही. पण आपल्याकडे पहिल्या पावसात कापलेल्या दरडीची लाल माती वाहून रस्त्यावर येते, तिच्यावर दोन गाड्या गेल्या की ती साबणासारखी होते, आणि तिथे ०.३८ आणि ०.३१ यांच्यातला फरक म्हणजे गाडी चढणे आणि न चढणे यांतला फरक असतो. अशा ठिकाणी, चार-दोन मीटरसाठी, चालण्याच्या वेगाने, लिफ्ट उचला. पलीकडे स्वच्छ डांबर लागले की पहिले काम ती खाली सोडण्याचे. बास. ‘तेच तत्त्व उतारालाही लागू’ हे मात्र खरे नाही, कारण चढावर काम एकट्या इंजिनाच्या एक्सलचे असते आणि उतारावर ते पाचही एक्सलचे असते. एवढा भेद ज्याला कळला नाही, त्याने तत्त्वाचे नाव काढू नये.

या संदर्भात भाच्याच्या डोक्यात आणखी एक गैरसमज निघाला, आणि तो त्याच्याच वयाच्या पुष्कळ पोरांच्या डोक्यात असणार म्हणून नोंदवतो. लिफ्ट खाली सोडली की त्या चाकांनाही इंजिनाचा जोर मिळतो, असे त्याला वाटत होते. मी त्याला गॅरेजच्या आवारात गाडीखाली घेऊन गेलो. लिफ्ट उचलायला लावली, फुग्यांतली हवा फुस्स करून सुटली, चाके जमिनीपासून वीतभर वर आली, आणि त्याला एक चाक हाताने फिरवायला सांगितले. ते एका हाताने फिरले. मग इंजिनाचा जोर चाकांना देणारा क्राऊन गिअर आणि तो जोर मागे नेणारा दांडा, ज्याला आम्ही जॉइंट म्हणतो, यांबद्दल त्याला टॉर्च दाखवून विचारले, “या एक्सलला क्राऊन कुठे आहे? जॉइंट कुठून येतो?” जॉइंट लिफ्टच्या वरून सरळ मागे गेलेला त्याने पाहिला आणि म्हणाला, “मामा, ही तर नुसती ओझं वाहायला आहे.” ओझे वाहायला आणि थांबवायला, असे मी त्याला पुरे करून दिले.

चौथा दावा, पाण्यावर तरंगण्याचा. टायर पाण्यावर कोणत्या वेगाला तरंगू लागतो, हे मुख्यतः टायरमधल्या हवेच्या दाबावर ठरते, हे अमेरिकेच्या नासा संस्थेत विमानांच्या टायरांवर झालेल्या कामातून १९६३ सालीच छापले गेले आहे. त्या सूत्रात ट्रकचा ११५ पौंडांचा दाब घातला तर ताशी १७५ किलोमीटरच्या वरचा वेग निघतो. हा वेग आंबा घाटात गाठणाऱ्या ट्रकला पाण्याची नव्हे, पंखांची अडचण आहे. रिकाम्या ट्रकच्या टायरचा रस्त्यावरचा ठसा आखूड होतो, त्यामुळे त्याच्या बाबतीत हा वेग बराच खाली येतो आणि सपाट चौपदरी रस्त्यावर जोरात जाणाऱ्या रिकाम्या गाडीने जपावे, हे खरे. भरलेल्या गाडीचा आणि घाटाचा याच्याशी संबंध नाही.

पाचवा दावा, उलटण्याचा. गाडी वळणावर उलटते ती मालाची उंची, चाकांमधली रुंदी आणि वेग यांमुळे. त्यात वेगाचा वर्ग धरला जातो, म्हणजे वेग दीडपट केला तर उलटवणारा जोर सव्वादोनपट होतो. लिफ्ट वर घेतली की गाडीला आधार देणारे फुगे आणि पाटे कमी होतात आणि गाडी जास्तच डुलते. यातही एक बारीकसे सत्य आहे. न वळणारा लिफ्ट एक्सल खाली असताना घट्ट वळणावर त्याची चाके आडवी घासली जातात, गाडी सरळ जायला बघते आणि पुढच्या चाकांना तिला ओढून वळवावे लागते; ओल्या रस्त्यावर भरलेली गाडी वळणाच्या बाहेरच्या अंगाला सरकते, ती यामुळे. पण त्यावरचा उपाय वळणाच्या आधी वेग कमी करणे हा आहे. वळणात शिरल्यावर लिफ्टच्या बटणाशी खेळणाऱ्या माणसाशेजारी मी तरी बसणार नाही.

सहाव्यात टायर आणि डिझेल रिकाम्या फेरीत वाचतात, हे सगळ्यांनाच माहीत आहे आणि त्यासाठी संदेशाची गरज नव्हती. टोलचे मात्र हसू आले. राष्ट्रीय महामार्गांच्या २००८ सालच्या शुल्क नियमांत चार ते सहा एक्सलच्या गाड्या एकाच गटात आहेत. पाच एक्सलच्या गाडीने एक उचलला तर चार उरतात, आणि गट तोच राहतो. शिवाय फास्टॅगवर गाडीचा वर्ग आधीच नोंदलेला असतो.

हे सगळे भाच्याला तोंडी सांगून झाले, तेव्हा त्याने विचारले की मग घाटात लिफ्ट खाली ठेवली की झाले ना. झाले नाही. त्याची गाडी साडेतीन वर्षांची आहे आणि इतक्या दिवसांत लिफ्टचे लायनर एकदाही बदललेले नाहीत. मागच्या जोडीचे तीनदा बदलले. लिफ्ट खाली असूनही तिचे लायनर ऑइलने माखलेले असतील किंवा बूस्टरचा पडदा फाटलेला असेल, तर वरचा सगळा हिशोब मी उगाच केला असे होईल. म्हणून साखरेची खेप त्याने एक दिवस पुढे ढकलली आहे. उद्या सकाळी लिफ्टचे दोन्ही ड्रम उघडायचे आहेत, आणि हवेची नळी बंपरापासून फुग्यापर्यंत हाताने चाचपायची आहे, कुठे कॉक सापडतो का ते बघायला.